लुस : आयरिश वनस्पतिनामांच्या मुळाशी

आयरिश भाषेत झाडाला ‘क्रान’ म्हणतात, फुलाला ‘ब्लाह’ आणि गवताला ‘फेर’. जमिनीलगत वाढणाऱ्या आणि माणसाच्या वा गुराच्या कधी ना कधी कामी आलेल्या रोपासाठी मात्र ‘लुस’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि कितीतरी वनस्पतिनामे या एका शब्दावर उभी आहेत. ‘लुस मोर’ म्हणजे मोठे रोप. ‘स्लानलुस’ म्हणजे बरे करणारे रोप. ‘गारवलुस’ म्हणजे अंगाला चिकटणारे खरबरीत रोप. आणि ‘लुस अन ख्रोमखिन’ म्हणजे मान खाली घातलेले रोप, अर्थात डॅफोडिल. आयर्लंडच्या पश्चिम भागात राहायला आल्यापासून मी ही नावे जमेल तशी टिपून ठेवते आहे. आरंभी त्यांचा नाद आवडला म्हणून टिपत होते. पुढे असे ध्यानात आले की या नावांमधून ती वनस्पती कशी दिसते हे जितके कळते, त्याहून अधिक ती कोणाच्या नजरेस पडत होती आणि कोणत्या कामाच्या वेळी पडत होती, हे कळते.

साध्या डेझीचेच पाहा. तिला आयरिशमध्ये ‘नोनीन’ म्हणतात, आणि तिच्या नावाचा सर्वत्र दिला जाणारा उलगडा ‘नोन’ या शब्दापाशी नेतो. रोमन दिनमानातील नववा तास, लॅटिनमधील ‘नोना’, ख्रिस्ती मठांतील प्रार्थनेच्या वेळापत्रकातून या बेटावर आला. ही प्रार्थना मुळात दुपारी तीनच्या सुमाराची होती, मध्ययुगात ती मागे सरकत माध्यान्हावर आली, आणि शब्दही तिच्यासोबत सरकला. आयरिश माणूस आजही दुपार कलल्यानंतरच्या वेळेला ‘त्रानोना’ म्हणतो, त्यात ती जुनी प्रार्थनेची घटका आहेच. सकाळी मिटलेले आणि ऊन वर आल्यावर पूर्ण उमललेले हे फूल त्या घटकेचे लाडके लेकरू ठरले, कारण नावाच्या शेवटी लागणारा ‘ईन’ हा प्रत्यय लहानपणाचा आणि लाडाचा आहे. एखाद्या मठाची घंटा आणि भोवतालचे कुरण यांच्यात पूर्वी किती अंतर असेल, याचा अंदाज या एका नावावरून बांधता येतो.

मठांच्याही आधीपासून या भूमीवर सत्ता होती ती गाईची. गाईला आयरिशमध्ये ‘बो’ म्हणतात. संस्कृतातील ‘गो’ आणि हा ‘बो’ एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात तो मुळात गाईंच्या वाटेवरून, आणि मुलग्याला ‘बुअखल’ म्हणतात तो मूळच्या गुराख्यावरून. ज्या समाजात संपत्ती, दंड आणि हुंडा गाईंत मोजला जात होता, तेथील फुलांनाही गोठ्याचा वास यावा हे ओघानेच आले. वसंतात कुरणांवर फुलणाऱ्या, फिकट पिवळ्या झुबक्यांच्या एका फुलाला इंग्रजीत काउस्लिप म्हणतात, आणि या इंग्रजी नावाचे मूळ गाईच्या शेणात सापडते. त्याच फुलाचे आयरिश नाव आहे ‘बान्ये बो ब्लाख्तान’, म्हणजे दुभत्या गाईचे दूध. दोन शेजारी भाषा एकाच कुरणाकडे, एकाच जनावराकडे पाहत होत्या. एकीला शेण दिसले, दुसरीला दूध. मला दुसरीचे नाव अधिक आवडते, हे लपवण्याचे काही कारण नाही.

दुधाची ही काळजी मे महिन्यात सर्वाधिक असे. मे महिन्याला आणि त्याच्या पहिल्या दिवसाच्या सणाला ‘ब्याल्तिने’ हे एकच नाव आहे. गुरे उन्हाळी चराईला नेण्याचा हा काळ, आणि त्याच सुमारास अदृश्य लोक दुधातील सत्त्व व लोणी पळवून नेतात अशी समजूत होती. म्हणून आदल्या संध्याकाळी मुले पिवळी फुले तोडून उंबऱ्यावर आणि गोठ्याच्या दाराशी पसरत. पाणथळ जागी फुलणाऱ्या ज्या ठसठशीत पिवळ्या फुलाला या कामात मान होता, त्याचे नाव ‘लुस ब्वी ब्याल्तिने’, म्हणजे ब्याल्तिनेचे पिवळे रोप, असेच राहिले. त्याच्याही आधी, १ फेब्रुवारीला, संत ब्रिजिडचा दिवस येतो आणि आयरिश गणनेप्रमाणे वसंत सुरू होतो. डॅन्डेलायनला ‘ब्यार्नान ब्रीदे’ म्हणतात. ‘ब्यार्ना’ म्हणजे खाच किंवा खिंड. दातेरी पानांचे हे ब्रिजिडचे फूल. त्याच्या देठातून निघणाऱ्या पांढऱ्या चिकावर नवजात कोकरे पोसली जातात असे लोक मानत, आणि ब्रिजिड ही तर गुरांची व दुधाची संत. याच वनस्पतीचे दुसरे, अधिक रूढ नाव ‘काशरवान’. त्यातील ‘शारव’ म्हणजे कडू. ज्याने तिचे पान चावून पाहिले त्याने दिलेले हे नाव असणार. एकीकडे संत, दुसरीकडे जीभ, आणि रोप मात्र तेच.

औषधाच्या नावांकडे वळले की ‘लुस’ या शब्दाचे वजन कळते. अरुंद, शिरा उठलेल्या पानांच्या प्लँटेनला ‘स्लानलुस’ म्हणतात. ‘स्लान’ म्हणजे धडधाकट, सुखरूप. निरोप घेतानाही आयरिश माणूस हाच शब्द वापरतो. शेतात काम करताना बोट कापले की हे पान चुरगळून जखमेवर दाबायचे, हे ज्ञान नावातच सांभाळलेले आहे. त्याचा रुंद पानांचा भाऊ ‘कुअख फाद्रिग’, म्हणजे आयर्लंडचा संरक्षक संत पॅट्रिक याचा पेला, कारण त्याचे पसरट पान वाटीसारखे खोलगट असते. अंगाची आग करणारे नेटल म्हणजे ‘न्यान्तोग’ आणि त्यावर चोळायचे डॉकचे पान म्हणजे ‘कोपोग’; ही दोन्ही बहुधा एकाच बांधावर सापडतात, आणि लहान मुलांना ती जोडीनेच शिकवली जातात.

या सगळ्यांत भारदस्त आहे तो ‘लुस मोर’, म्हणजे फॉक्सग्लव्ह. जूनमध्ये दगडी कुंपणांच्या कडेने याचे जांभळे तुरे माणसाच्या खांद्यापर्यंत येतात. त्याच्या लांबट फुलांत बोट अगदी नेमके बसते म्हणून त्याला ‘मेरकान’ म्हणजे अंगुस्तान असेही म्हणतात, आणि ते अंगुस्तान कोणाचे यावर प्रत्येक गावाचे उत्तर वेगळे : कोठे ते परीचे, कोठे ‘पूका’ नावाच्या रूपे बदलणाऱ्या भुताचे. आणखी एक नाव आहे, ‘लुस ना मन शी’, म्हणजे परलोकातील स्त्रियांचे रोप. ही नावे गोड वाटली तरी त्यांत इशारा आहे. या रोपाचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि तो हृदयावर काम करतो. घरचे मूल परीने पळवून नेले व जागी रोगट मूल ठेवले असा संशय आला, की त्या मुलावर लुस मोरचा प्रयोग करण्याच्या हकिकती लोकसाहित्यात नोंदलेल्या आहेत, आणि त्या वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात एखादे खरोखरच आजारी मूल किती वेळा दगावले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी या वनस्पतीच्या मात्रेचा दहा वर्षे अभ्यास करून १७८५ मध्ये आपली निरीक्षणे छापली. अंगावर पाणी चढलेल्या रुग्णांसाठी एका वृद्ध स्त्रीकडे असलेल्या घरगुती पाककृतीपासून त्यांनी आरंभ केला होता. डिगॉक्सिन हे औषध पुढे याच कुळातील वनस्पतीपासून आले. परीचे अंगुस्तान आणि हृदयरोग्याची गोळी यांच्यामध्ये अशी एक स्त्री उभी आहे आणि तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, ही गोष्ट मला फार लागते.

अशा अनामिक माणसांचे ज्ञान वाचवण्याचा एक थोर प्रयत्न या देशाने केला, तो सांगितलाच पाहिजे. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांना आपापल्या घरच्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून जुनी माहिती विचारून वह्यांत उतरवायला सांगितले गेले. त्या संग्रहाची पाने सुमारे ७,४०,००० आहेत, आणि त्यांत औषधी वनस्पती हा एक ठरवून दिलेला विषय होता. अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या वळणदार अक्षरात कोणते पान कोणत्या दुखण्यावर, कोणते गुराला द्यायचे आणि कोणत्याला हात लावायचा नाही, हे ओळीने लिहिलेले आढळते. एकाच रोपाला शेजारच्या दोन तालुक्यांत वेगळी नावे आहेत हे त्या वह्यांत सहज दिसते, आणि तो घोटाळा समजून दुरुस्त करण्याचा मोह टाळून मुलांनी जसे ऐकले तसे लिहिले, यासाठी त्यांचे ऋण मानावे तितके थोडे आहे.

दलदल हा आयर्लंडचा दुसरा मोठा शिक्षक. तिथून खणलेली आणि जळणासाठी वाळवलेली माती ‘मोन’, आणि त्याच शब्दावरून तेथे सापडणाऱ्या लाल, आंबट क्रॅनबेरीला ‘मोनोग’, म्हणजे दलदलीची लहानगी. कापसासारखे शुभ्र गोंडे वाऱ्यावर डुलवणाऱ्या लव्हाळ्याला ‘क्यानवान’, म्हणजे पांढरे डोके. कीटक पकडणाऱ्या ड्रॉसेराला ‘द्रूख्तीन मोना’, म्हणजे दलदलीतील दवाचा थेंबुला. ग्रीक नावातही दवच आहे. कासच्या पठारावर हिच्या भगिनीला ‘दवबिंदू’ म्हणतात. चिकट थेंबांवर ऊन पडताना पाहिलेल्या कोणालाही दुसरे नाव सुचणे कठीण आहे.

ओल्या कुरणांतून जुलैत जो मंद गोड वास येतो, तो मेडोस्वीटचा. आयरिशमध्ये तिला ‘अरिगद लुअख्रा’, म्हणजे लव्हाळ्यांमधली चांदी, म्हणतात. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ती कू खुलिन या पुराणवीराचा कमरपट्टा आहे. या वनस्पतीच्या जुन्या लॅटिन नावात ‘स्पायरिया’ होते, आणि तिच्यापासून मिळणाऱ्या आम्लाच्या जर्मन नावावरून १८९९ मध्ये बाजारात आलेल्या ‘ॲस्पिरिन’च्या मधल्या ‘स्पिर’चा उगम आहे. चांदी, पट्टा आणि गोळी : मला यांतील चांदी सर्वांत खरी वाटते, कारण ती पाहण्यासाठी पायांत पाणी शिरेपर्यंत लव्हाळ्यांत उभे राहावे लागते.

सगळीच नावे इतकी सोवळी नाहीत, आणि नसावीतही. वसंतातील जांभळ्या ऑर्किडला ‘मॅगर्लीन मायरख’ म्हणतात. त्याच्या मुळाशी जे दोन कंद जोडीने असतात त्यांवरून त्याला ‘आनंदी वृषण’ हे नाव मिळाले. ग्रीकमधील ‘ऑर्किस’चाही तोच अर्थ आहे, फक्त आनंदी हे विशेषण आयरिशांनी आपल्या पदरचे घातले. लेसर सेलन्डाइनच्या गाठीदार मुळांवरून ‘ग्रान अर्कान’, म्हणजे डुकराच्या पिल्लाचे दाणे, हे नाव पडले आहे. ही नावे जमीन खणणाऱ्यांची आहेत. पुष्पगुच्छ करणाऱ्यांना मुळाशी काय असते हे कळण्याची संधी नव्हती.

शॅमरॉक, म्हणजे आयर्लंडची ओळख बनलेले तीन पानी रोप, याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, परंतु येथे नावच वनस्पतीहून मोठे झाले आहे. ‘शॅमर’ म्हणजे क्लोव्हर, आणि ‘शॅमरोग’ म्हणजे कोवळे, लहान क्लोव्हर. ते नक्की कोणते, हा प्रश्न निसर्गअभ्यासक नॅथनियल कोलगन यांनी १८९० च्या दशकात सोडवायला घेतला. देशभरातील लोकांकडून त्यांना खरे वाटणारे शॅमरॉक मुळांसकट मागवले, लावले, आणि फुले येईपर्यंत वाट पाहिली. जवळपास निम्मी रोपे बारीक पिवळ्या फुलांच्या क्लोव्हरची निघाली, सुमारे एक तृतीयांश पांढऱ्या क्लोव्हरची, आणि उरलेली भलत्याच जातींची. १९८८ मध्ये ग्लासनेव्हिनच्या राष्ट्रीय वनस्पतिउद्यानातील चार्ल्स नेल्सन यांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही उत्तर फारसे बदलले नव्हते. म्हणजे शॅमरॉक ही एक जात नाही. मार्चच्या मध्यास, संत पॅट्रिकच्या दिवशी, फूल येण्याआधी जे तीन पानी रोप हाती लागते ते शॅमरॉक. विज्ञानाने याला गोंधळ म्हटले तर चालेल, परंतु नाव देणाऱ्यांना त्या दिवशी टोपीत खोचायला पान हवे होते, आणि ते त्यांना अचूक मिळत आले आहे.

झाडांकडे पाहण्याची जुनी रीत तर कायद्यात लिहिलेली आहे. आठव्या शतकातील आयरिश कायद्यांत २८ झाडाझुडपांची चार वर्गांत, प्रत्येकी सात, अशी विभागणी आहे. पहिला वर्ग ‘वनाचे सरदार’ : ओक, हेझेल, हॉली, यू, ॲश, पाइन आणि रानसफरचंद. त्यांच्या पाठोपाठ वनाचे सामान्यजन येतात, आणि शेवटी हेदर, गोर्स, नेचा यांसारखी झुडपे. ही प्रतिष्ठा उंचीवरून ठरलेली नाही. ओकची फळे डुकरे पोसत आणि त्याचे लाकूड घर उभारी. हेझेलची कवचफळे माणसे खात आणि त्याच्या काठ्यांनी भिंती विणत. ॲशपासून भाल्याचे दांडे होत, यूपासून घरातील भांडी. सरदाराची फांदी विनापरवाना तोडली तर दंड गुरांत भरावा लागे. ॲशचे महत्त्व अजून ओसरलेले नाही, कारण हर्लिंग या राष्ट्रीय खेळाची काठी परंपरेने त्याच्याच लाकडाची असते, आणि म्हणूनच २०१२ मध्ये ॲशला मारणारी बुरशी देशात प्रथम आढळली तेव्हा ती बातमी क्रीडापटूंनाही चटका लावून गेली.

ओकला आयरिशमध्ये ‘दार’ म्हणतात. संस्कृत ‘दारु’, म्हणजे लाकूड, त्याचा सगोत्र आहे, आणि आपल्या देवदारात तोच शब्द दडलेला आहे. गावांच्या नावांतही तो आहे : ‘कील दारा’, म्हणजे ओकचे चर्च, हे किल्डेअर. ‘देरे’, म्हणजे ओकचे बन, हे डेरी, ज्याच्या नावापुढे १६१३ च्या राजसनदेने ‘लंडन’ जोडले. मेयो हा यूच्या झाडांचा मैदानी मुलूख. १८२४ पासून ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने सारा देश मोजून नकाशे काढले, तेव्हा जॉन ओडॉनव्हन यांनी गावोगाव फिरून जुनी आयरिश रूपे टिपली, म्हणून आज आपल्याला हे अर्थ ठाऊक आहेत. नकाशावर मात्र इंग्रजी कानाला ऐकू आले ते चढले. विसाव्या शतकाच्या आरंभी या बेटावर जंगल जेमतेम एक टक्का उरले होते. ओकचे एकही झाड नसलेल्या गावाच्या पाटीवर ओक वाचताना मला त्या पाटीचा आदर वाटतो, कारण तिथे काय होते हे सांगणारा दुसरा कोणी साक्षीदार नाही.

एका झाडाला मात्र कायद्याच्या आधाराची गरज पडलेली नाही. एकट्याने उभ्या असलेल्या हॉथॉर्नला, ‘श्क्याख याल’ म्हणजे उजळ काटा याला, तोडायला आजही माणसे धजावत नाहीत, कारण ती अदृश्य लोकांची बैठक आहे. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यातील लाटून येथे नव्या महामार्गाच्या वाटेत असे झुडूप आले, तेव्हा कथाकथनकार एडी लेनिहन यांनी जाहीरपणे त्याची बाजू मांडली, आणि झुडूप राखून रस्ता काढण्यात आला.

पण नावांच्या या वहीत काळी पानेही आहेत. ‘प्राशख’ हा शब्द लॅटिन ‘ब्रासिका’वरून आलेला, ‘प्राशख व्वी’ म्हणजे शेतातील पिवळी रानमोहरी. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि सुमारे दहा लाख माणसे मेली, तेव्हा लोकांनी जी रानपाने उकडून खाल्ली त्यांत ती आणि न्यान्तोग होती. आज ‘प्राशख’ या शब्दाचा दुसरा अर्थ आहे गिचका, सगळ्याची झालेली वाट. ‘फेर गोर्तख’, म्हणजे भुकेले गवत, ही तर कोणती जात नव्हेच. ज्या जागी पाय पडताच माणसाला एकाएकी जीवघेणी भूक लागते असे समजत, ती ती गवताची पट्टी. पुष्कळांनी ती दुष्काळात पडलेल्या माणसांशी जोडली आहे. तिच्यासाठी खिशात भाकरीचा तुकडा ठेवण्याची पद्धत होती.

या नावांची एक जुनी छापील नोंद डब्लिनमध्ये राहिलेल्या केलेब थ्रेल्केल्ड या इंग्रज वैद्याच्या, १७२६ सालच्या ग्रंथात सापडते. त्याने लॅटिन आणि इंग्रजीसोबत आयरिश नावेही दिली. १९७२ मध्ये मॉरा स्कॅनेल आणि डोनल सिनॉट यांनी देशातील वनस्पतींची सूची केली तेव्हा प्रत्येक जातीला एक आयरिश नाव असावे असे ठरवावे लागले, आणि जिथे लोकांकडे नाव नव्हते तिथे ते घडवावे लागले. सूचीला एकच नाव लागते, गावांना अनेक चालतात, आणि या दोहोंत ओढाताण होणारच. नैर्ऋत्य आयर्लंडमधील किलार्नीच्या ओकवनांना गिळत सुटलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनला ‘रोसलावरस’, म्हणजे गुलाब-लॉरेल, म्हणतात. हे नाव व्यवस्थित आहे. पण कोणी हे झुडूप उपटून दमल्यावर ते दिलेले नाही, एवढे स्पष्ट दिसते.

तरीही नवे नाव निर्जीवच असते असे नाही. चिली आणि अर्जेंटिनातून आलेली फ्यूशिया केरी आणि पश्चिम कॉर्कमध्ये रस्त्याच्या दुतर्फा कुंपणासारखी वाढते. तिच्या खाली लोंबणाऱ्या लाल फुलांना ‘द्योरा दे’, म्हणजे देवाचे अश्रू, असे नाव मिळाले, आणि परदेशी झुडूप घरचे झाले. त्यातील ‘दे’ हा आपल्या ‘देव’चा नातेवाईक आहे. आणि १८३९ मध्ये हिमालयातून बागेसाठी आणलेला, आता नदीकाठ बळकावून बसलेला गुलाबी बाल्सम, म्हणजे आपल्या गौरीच्या तेरड्याचा भाऊ, आयरिशमध्ये ‘लुस ना प्लेश्के’ झाला आहे : फटाक्याचे रोप. पिकलेली शेंग बोटाने दाबली की फुटून बिया दूर उडतात, म्हणून. नदीकाठच्या गावांत उन्हाळ्यात स्वयंसेवक हे रोप उपटायला जमतात आणि शेंगा धरण्याआधीच ते काम उरकण्याची घाई करतात.